दुखणं परक्याला सांगायची जुनी रीत

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

सध्या एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रविवारच्या पुरवण्यांत, आणि गंमत म्हणजे इथे फेसबुकवरसुद्धा. तक्रार अशी की हल्ली माणसं घरच्यांशी बोलत नाहीत आणि मोबाईलमधल्या अनोळखी लोकांना आपली दुखणी सांगत बसतात. सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, नवऱ्याची गेलेली नोकरी, स्वतःची उडालेली झोप, सगळं कुठल्यातरी ग्रुपवर. पूर्वी वाडा होता, चाळ होती, ओटा होता. तिथे मन मोकळं व्हायचं. आता ते गेलं आणि हे ‘ऑनलाइन मित्र’ आले.

मी स्वतः अशा एका ग्रुपमध्ये सात वर्षं आहे. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्यांचा ग्रुप. त्यामुळे ही तक्रार कानावर आली की मी जरा सावरून बसतो. वाद घालावासा वाटतो, पण नुसत्या अनुभवावर वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून गेले काही महिने जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

तक्रारीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, पूर्वी माणसं आपली खरी दुखणी घरात आणि शेजारात सांगत होती. दोन, परक्याला सांगणं हे मोबाईलने आणलेलं नवं खूळ आहे. या दोन्हींचं काय ते बघू. सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू.

रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या प्रचारापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी सुटली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि शेवटपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालवलं. पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, वर शिव्याशाप. घराला पत्नी मालतीबाईंचा आधार.

र. धों. म्हटलं की आपल्याला संततिनियमन आठवतं, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ आठवतो. त्या मासिकातल्या एका भागाकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही, तो म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरं. लोक आपलं सगळ्यांत खाजगी दुखणं कागदावर उतरवून कर्व्यांना पाठवत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का? स्वप्नदोष हा रोग आहे का? बायकोशी संबंध नीट होत नाहीत, काय करावं? विचारणाऱ्याचं नाव झाकलेलं असे. कर्वे उत्तर देत ते बहुतेक वेळा दोन-चार ओळींचं, कोरडं आणि सरळ. उपदेश नाही, पापपुण्य नाही. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या अभ्यासकांनी या पत्रव्यवहारावर सविस्तर लिहिलंय. पत्रं लिहिणारे प्रामुख्याने मध्यमवर्गीय पुरुष होते.

आता असं पत्र लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. १९३०-३२ चा काळ. आईवडील, भाऊ-भावजया, काका, विधवा आत्या, शेजारीपाजारी, जातभाई. माणसांनी घर नुसतं भरलेलं. आणि तरी हा माणूस तिकीट लावून मुंबईतल्या एका अनोळखी गणिताच्या मास्तराला पत्र टाकतो. का? तर घर भरलेलं होतं, हीच त्याची अडचण होती. घरात सांगितलेली गोष्ट घरातच मुक्कामाला राहते. वाटणीच्या भांडणात ती निघते, बहिणीच्या स्थळाच्या वेळी निघते, पंगतीत कोणीतरी हसत हसत काढतं. परक्याला सांगितलेली गोष्ट पोस्टाच्या पेटीत पडली की सुटका होते.

आणि बायकांचं काय? पत्र लिहिण्याइतकं अक्षर आणि तिकिटापुरते पैसे किती जणींच्या हातात होते? त्यांनी वेगळी वाट काढली होती. पहाटे जात्यावर बसलं की ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, विठ्ठल आहे, तसा सासुरवासही आहे, मारहाण आहे, मूल गेल्याचं दुःख आहे. दिवसाउजेडी सासूसमोर जे बोललं असतं तर जीभ हासडली असती, ते जात्याच्या घरघरीत गाता येत होतं. कारण ओवी सगळ्यांची असते. ही हिची स्वतःची तक्रार आहे असं कोणी बोट दाखवून म्हणू शकत नव्हतं. जोडीला जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई पुढची ओळ उचलायची. दोघींचा खुंटा एकच.

म्हणजे ओट्यावर मन मोकळं व्हायचं हे अर्धंच खरं. पाऊसपाणी, महागाई, पोरांची परीक्षा हे ओट्यावर चालायचं. जे आतून पोखरत होतं त्याला ओटा कमी पडत होता. तेव्हाही माणसं त्यासाठी आडोसा शोधत होती. कोणाला पत्राचा मिळाला, कोणाला ओवीचा.

आता हा आडोसा मोडायला कोण येतं ते बघा.

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, आणि या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्या वेळी बाबासाहेब गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून गेलेले, देशभर नाव झालेले नेते होते. असल्या बदनाम मासिकाच्या भानगडीत पडायची त्यांना काही गरज नव्हती. तरी उभे राहिले. असले विकृत प्रश्न छापायचे कशाला आणि त्यांना उत्तरं द्यायचीच कशाला, असा न्यायालयाचा सूर होता. बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. लोक विचारतायत, तर उत्तर द्यायला हवं. विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल. नुसतं लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. दंड भरला आणि मासिक पुढे चालू ठेवलं.

आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा खटला म्हणून याची आठवण काढतो, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाबासाहेब तिथे लिहिणाऱ्याच्या हक्काबरोबर विचारणाऱ्याच्या हक्कासाठीही भांडत होते. ज्याला घरात विचारता येत नाही त्याला कुठेतरी विचारता आलं पाहिजे, आणि त्याला उत्तर देणारा गुन्हेगार ठरता कामा नये.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकांना दोन घटना घडल्या. त्यांचा आपल्याशी संबंध पुढे येतो.

पहिली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला. चर्चच्या यादीवरून एकेकाला फोन लावत गेला आणि विचारत राहिला की माझ्यासारखा कोणी दारुडा या गावात आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. शेवटी गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. सर्जन होते आणि पक्के दारुडे. बिलने त्यांना समजावलं नाही, स्वतःचं काय झालं ते सांगितलं. डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम ऐकवणारे खूप भेटले होते, त्यातून स्वतः गेलेला माणूस हा पहिलाच. १० जून १९३५ हा डॉ. बॉबच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस मानतात आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो त्याचा, स्थापना दिवस.

नावातच ‘अनामिक’ आहे, हे लक्षात घ्या. मीटिंगमध्ये आडनाव लागत नाही. जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर मध्येच बोलायचं नाही. समुद्रावरचे खलाशी आणि मीटिंग नसलेल्या दूरच्या गावात राहणारे सदस्य यांना मीटिंगला येता येत नसे, म्हणून पत्रांतून मीटिंग चालवायची पद्धतही एएने बसवली. कधी तोंड न पाहिलेल्या माणसांनी एकमेकांना सावरणं हे तेव्हाही चालू होतं, फक्त टपालाने. आपल्याकडे मुंबईपुण्यातच नव्हे, तालुक्याच्या गावांतही एएच्या मीटिंगा चालतात. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथेही बरे झालेले मित्र नव्या मित्रांचा हात धरतात ही गोष्ट कामाच्या केंद्राशी आहे.

१९३५ ची दुसरी घटना इंग्लंडमधली. चॅड वारा हे लिंकन गावातले तरुण पाद्री. त्यांनी आयुष्यात जो पहिला अंत्यविधी केला तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. तिने आत्महत्या केली होती. तिला पहिल्यांदा पाळी आली होती आणि आपल्याला गुप्तरोग झालाय असं तिला वाटलं होतं. विचारायला कोणी नव्हतं. दोन मिनिटांच्या उत्तराने वाचली असती. या घटनेने वारा मुलामुलींना लैंगिक शिक्षण देण्याकडे वळले. पुढे त्या विषयावर नियतकालिकात लेख लिहिला तेव्हा पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांतली काही पत्रं जिवावर उदार झालेल्यांची होती. मुंबईत कर्व्यांकडे जशी पत्रं येत होती, तशीच.

१९५३ मध्ये वारा लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये आले आणि त्यांनी जाहीर केलं की जीव द्यावासा वाटला तर या नंबरवर फोन करा. २ नोव्हेंबर १९५३ ला पहिला फोन आला. आपले र. धों. कर्वे गेले १४ ऑक्टोबर १९५३ ला. मध्ये एकोणीस दिवस. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

या कामातून सॅमॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. ती कशी बदलत गेली हे फार शिकण्यासारखं आहे. सुरुवातीला वारा स्वतः समुपदेशन करणार आणि मदतनीस लोक फोन घेणार, आलेल्यांना बाहेर बसवून चहा देणार, असा बेत होता. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की चहा देणाऱ्यांशी बोलून बरेच लोक आत न येताच बरं वाटून परत जातायत. मदतनीसांना काही शास्त्र येत नव्हतं. ते नुसतं ऐकत होते. तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९५४ मध्ये, वारांनी काम या साध्या माणसांच्या हाती सोपवलं. ‘बिफ्रेंडिंग’ हा शब्द तिथून रुळला. सरळ मराठीत सांगायचं तर सोबत करणं.

आणि हे सगळं चालू असताना इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो कायदा गेला १९६१ मध्ये. म्हणजे फोन करणारा एका अर्थी गुन्ह्याची कबुलीच देत होता. गुप्तता पाळली गेली म्हणून फोन आले. नाहीतर कोण करणार?

१९९४ मध्ये सॅमॅरिटन्सनी ईमेल घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच सुमाराला इंटरनेटवरची सगळ्यांत मोठी ‘झाकलेल्या नावाची’ सोय फिनलंडमध्ये चालू होती. योहान हेल्सिंगियस नावाचा एक प्रोग्रॅमर हेलसिंकीतून एक सर्व्हर चालवायचा. तुम्ही त्याला ईमेल पाठवली की तो तुमचं नाव-पत्ता काढून, त्या जागी एक नंबर घालून पुढे पाठवणार. उत्तर आलं की ते त्याच वाटेने तुमच्याकडे. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं या सोयीच्या आडून एकमेकांशी बोलत होती. गैरवापर करणारेही अर्थात होते. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी चर्चच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि एका वापरकर्त्याची ओळख त्याला द्यावी लागली. १९९६ मध्ये पुन्हा कोर्टाचा तसाच आदेश आला, तेव्हा ऑगस्टअखेर त्याने सर्व्हर बंद केला. पाच लाखांहून जास्त लोकांची वाट बंद झाली. तक्रार होती एकदोन जणांबद्दल.

दुष्टपणानेच आडोसा मोडतो असंही नाही. चांगल्या हेतूनेही मोडतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये खुद्द सॅमॅरिटन्सने एक ॲप काढलं. तुम्ही ट्विटरवर ज्यांना फॉलो करता त्यांच्या ट्वीटमध्ये निराशेचे शब्द दिसले की ॲप तुम्हाला ईमेल करणार, ‘याच्याकडे लक्ष द्या’. हेतू उत्तम. पण ज्याच्यावर नजर ठेवली जातेय त्याला याचा पत्ताच नाही. आपल्या वाईट काळाची सूचना आपला छळ करणाऱ्यालाही जाऊ शकते, हे मानसिक आजारातून गेलेल्या लोकांनीच ओरडून सांगितलं. दहा दिवसांच्या आत ॲप मागे घ्यावं लागलं. साठ वर्षं गुप्ततेवर उभ्या असलेल्या संस्थेकडून हे झालं. मग आपल्यासारख्यांनी किती जपायला हवं?

आपल्या देशात परत येऊ. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होती. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. निकाल न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाचा, आणि प्रकरण होतं मुंबई पोलिसांतल्याच, मानसिक आजार असलेल्या एका शिपायाचं. पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार काढली. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, असं तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत जुनं कलम ३०९ नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. म्हणजे ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे वाक्य इथे कालपरवापर्यंत पोलीस ठाण्याच्या सावलीत उच्चारलं जात होतं. कायदा बदलला. घराघरातली भीती एवढ्यात जाणार नाही.

२०२१ चा एप्रिल तर सगळ्यांनीच पाहिलाय. बेड कुठे आहे, ऑक्सिजन कोणाकडे आहे, प्लाझ्मा कोण देईल, हे सगळं अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांसाठी रात्र रात्र जागून जुळवलं. त्याच वेळी उत्तर प्रदेशात आजोबांसाठी ऑक्सिजन मागणारं ट्वीट केलं म्हणून एका तरुणावर गुन्हा नोंदवला गेला. ३० एप्रिल २०२१ ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाला सांगावं लागलं की लोक सोशल मीडियावर आपलं गाऱ्हाणं मांडत असतील तर त्यांच्यावर कारवाई करू नका, केलीत तर तो न्यायालयाचा अवमान धरू. १९३४ साली बाबासाहेब जे सांगून हरले होते, त्यातला काही भाग सत्त्याऐंशी वर्षांनी न्यायालयाच्याच तोंडून आला, असं मला वाटतं. विचारणं हा गुन्हा नाही.

आता मी ज्या ग्रुपमध्ये आहे त्याबद्दल थोडं, कारण ही पोस्ट लिहायला निमित्त तेच आहे.

ग्रुपमध्ये चालतं काय? वरवर पाहिलं तर अगदी किरकोळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कशी बदलायची. एअर बेड भाड्याने घ्यावा की विकत. नळीने भरवताना डोकं किती उंच ठेवायचं. ब्यूरोची मावशी न सांगता गेली, आता उद्याचं काय. त्यामध्येच रात्री दीड वाजता कोणीतरी लिहितं, ‘आज बाबांनी मला ओळखलं नाही.’ त्यावर सल्ला देण्यासारखं काही नसतं. चार-पाच जण जागे असतात, ते लिहितात, ‘आहे मी.’ सकाळी तीच व्यक्ती डायपरचे भाव विचारते. लंडनमध्ये चहा देणारे मदतनीस जे करत होते, तेच हे.

काही महिन्यांपूर्वी आमच्यातल्या एका ताईंनी असंच रात्री लिहिलं. सासूबाईंना स्मृतिभ्रंश, सहा वर्षं सगळं त्यांच्याच अंगावर. त्या दिवशी संयम सुटला, त्या सासूबाईंवर ओरडल्या आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडल्या, एवढंच. ग्रुपमधल्या कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला. कुठून कुठे गेला माहीत नाही, पण आठवड्याभरात तो त्यांच्या सासरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर होता. ‘आईला कशी वागवते बघा.’ जे कोणी सहा वर्षांत एक रात्र येऊन राहिले नव्हते, ते सगळे बोलले. ताईंनी ग्रुप सोडला. मी दोनदा मेसेज केला, ‘वाचलं’ एवढी खूण आली, उत्तर नाही. सासूबाई अजून आहेत आणि ताईच त्यांचं करतायत. फरक एवढाच की आता त्या रात्री दीड वाजता कुठेही लिहीत नाहीत.

स्क्रीनशॉट काढणाऱ्याने फार मोठा गुन्हा केला असं त्यालाही वाटलं नसेल. एक बोट दाबलं. पण कर्व्यांनी पत्र लिहिणाऱ्याचं नाव छापलं असतं तर काय झालं असतं? पुढच्या महिन्यात त्यांना एकही पत्र आलं नसतं. पोलिसांना आणि कोर्टाला तोंड देऊन कर्व्यांनी जे सव्वीस वर्षं सांभाळलं, ते आमच्या ग्रुपमध्ये एका सेकंदात गेलं.

ऑनलाइन मैत्रीतले धोके मला दिसत नाहीत असं नाही. खोटं आजारपण सांगून पैसे गोळा करणारे असतात. २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या नावावर आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद करणारेही होते. ‘डॉक्टर सोडा, हा काढा घ्या’ सांगणारे तर प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन असतातच. आणि ग्रुप कितीही चांगला असला तरी तो सरकारची जबाबदारी उचलू शकत नाही. अंथरुणावरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याला आठवड्यातून चार तास सुटी मिळेल अशी साधी सोय आपल्या शहरांत किती ठिकाणी आहे? ग्रुपच्या कौतुकात हा प्रश्न विसरला जाऊ नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. कोणी जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याबद्दल बोलत असेल तर नुसतं ‘आहे मी’ पुरे नाही. तिथे हा नंबर द्या, आणि त्या माणसाला विचारून त्याच्या जवळच्या कोणाला तरी बोलवा.

आमच्या ग्रुपमध्ये ताईंच्या प्रकारानंतर आम्ही काही नियम ठरवले. नवे नाहीत, एएचेच आहेत म्हणा ना. इथलं इथेच ठेवायचं. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. पैशाची मागणी ॲडमिनने खात्री केल्याशिवाय टाकायची नाही. औषधाचं नाव आलं की ‘डॉक्टरांना विचारा’ हे कोणीतरी लिहायचंच. आणि ज्याला नाव उघड करायचं नाही त्याने ॲडमिनला लिहावं, ॲडमिन नाव न घालता टाकेल. या शेवटच्या नियमानंतर पहिल्याच आठवड्यात अकरा मेसेज आले. सात वर्षांत ज्यांनी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, असे लोक त्यांत होते. त्यांतले निम्मे पुरुष.

हे अकरा लोक एकटे राहत नाहीत. सगळ्यांच्या घरात माणसं आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘हल्ली लोक परक्यांना दुखणी सांगतात’ म्हणून नाक मुरडलं, तर त्यांना ‘समाजस्वास्थ्य’च्या पत्रांबद्दल जरूर सांगा. आणि तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये असाल, मग तो आजाऱ्यांचा असो, शेतकऱ्यांचा असो, स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांचा असो की नव्या आयांचा, तर आज तिथे एकदा विचारून बघा की आपल्याकडे नाव न सांगता लिहायची सोय आहे का. नसेल तर करा. पाच मिनिटांचं काम आहे.

(पोस्ट शेअर करायला हरकत नाही, परवानगी विचारू नका. तुमच्या ग्रुपमध्ये असे काही नियम असतील तर खाली लिहा, आम्हाला उपयोग होईल. कृपया कोणाचं नाव किंवा कोणाची हकिगत मात्र कमेंटमध्ये टाकू नका.)